एसएमएची वाहक चाचणी: कोणती, कधी, कोणाची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

रानजाई

एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, या स्नायू कमजोर करत जाणाऱ्या जनुकीय आजाराबद्दल ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पुढच्या गरोदरपणाआधी कोणती टेस्ट करायची, काका-मावशींनीही करायची का, 'नॉर्मल' रिपोर्टवर विसंबून राहायचं का. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत आणि त्यातली काही चक्क घातक आहेत. म्हणून सगळं एका जागी लिहिते. लॅबमधल्या आणि स्त्रीरोग विभागातल्या मंडळींनी भर घालावी.

आधी मुळाशी जाऊ. पाचव्या गुणसूत्रावर जवळजवळ सारखी दोन जनुकं आहेत, एसएमएन१ आणि एसएमएन२. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हालचालीचे संदेश देतात त्यांना जगायला लागणारं प्रथिन मुख्यतः एसएमएन१ बनवतं. एसएमएन२ मध्ये सातव्या एक्झॉनमधलं, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेल्या सातव्या तुकड्यातलं, एक अक्षर वेगळं असल्यामुळे तो एक्झॉन बहुतेक वेळा गाळला जातो आणि जेमतेम दहा टक्के प्रथिन पूर्ण लांबीचं तयार होतं. सुमारे ९५ टक्के रुग्णांत एसएमएन१ चा सातवा एक्झॉन दोन्ही गुणसूत्रांवर नसतो. उरलेल्यांत एका बाजूला तो नसतो आणि दुसऱ्या बाजूला जनुक असतं, पण त्यात बारीक बिघाड असतो.

आईबाबांकडे सहसा एकेक चालू एसएमएन१ असतं. ते वाहक. वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्यांना आयुष्यभर या आजाराचं कुठलंही लक्षण येत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं हे गणित चालत नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो.

साधारण ४० ते ५० माणसांत एक जण वाहक असतो. त्यामुळे 'आमच्या घराण्यात असं कोणी नाही' या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही. एसएमए झालेल्या बहुतेक बाळांच्या घरी आधी कोणालाच हा आजार झालेला नसतो.

टेस्टचा क्रम महत्त्वाचा आहे. घरात रुग्ण असेल तर पहिली टेस्ट रुग्णाची. त्याच्यात एसएमएन१ च्या शून्य कॉपी (म्हणजे प्रती) आहेत हे सिद्ध झालं की मग आई आणि बाबा, आणि त्यानंतर दोघांची भावंडं. रुग्णाचा रिपोर्ट हातात नसताना नातेवाइकांची टेस्ट केली तर नेमकं काय शोधतोय हेच ठरलेलं नसतं. स्नायूंचे कितीतरी आजार लहानपणी सारखेच दिसतात.

पिपेट

उत्तम सुरुवात. लॅबच्या बाजूने सगळ्यात मोठी गफलत कुठे होते ते सांगतो. 'एसएमएची टेस्ट' या एका नावाखाली तीन वेगळ्या टेस्ट विकल्या जातात.

पहिली, जुनी पीसीआर-आरएफएलपी. यात पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याच्या पद्धतीने) वाढवलेला तुकडा ड्रा-१ या एन्झाइमने कापला जातो की नाही, ते पाहतात. स्वस्त आणि झटपट. एसएमएन१ आहे की अजिबात नाही, एवढंच ती सांगते. रुग्णाच्या निदानाला ठीक, पण वाहकासाठी निरुपयोगी, कारण एक कॉपी असो वा दोन, तिला 'आहे' एवढंच दिसतं. 'एसएमएन१ एक्झॉन ७ डिलिशन आढळले नाही', म्हणजे तो तुकडा गायब नाही, असा आरएफएलपीचा रिपोर्ट घेऊन जोडपी निश्चिंत होतात. त्या कागदावरून ते वाहक आहेत की नाहीत हे अजिबात कळत नाही.

दुसरी, एक्झोम सिक्वेन्सिंग. हजारो जनुकं एकदम वाचते, म्हणून लोकांना वाटतं त्यात सगळं आलं. पण एक्झोममध्ये डीएनएचे छोटे तुकडे वाचले जातात, आणि हा तुकडा एसएमएन१ चा की एसएमएन२ चा हे नेहमीच्या पद्धतीने ठरवता येत नाही. काही लॅब खास सॉफ्टवेअर लावून एसएमएनच्या कॉपी मोजतात. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर एक्झोम नॉर्मल आलं म्हणून एसएमए वगळता येत नाही.

तिसरी, कॉपी मोजणारी टेस्ट. बहुतेक ठिकाणी एमएलपीए, काही ठिकाणी क्यूपीसीआर किंवा डिजिटल पीसीआर. वाहकासाठी हीच हवी. एमएलपीएत दोन छोटे प्रोब, म्हणजे डीएनएचे शोधक तुकडे, डीएनएवर शेजारी शेजारी बसतात, लायगेज हे एन्झाइम त्यांना जोडतं, मग पीसीआरने वाढवून प्रत्येकाचा शिखरबिंदू मोजतात आणि निरोगी संदर्भ नमुन्यांशी गुणोत्तर काढतात. गुणोत्तर १ च्या आसपास म्हणजे दोन कॉपी, ०.५ च्या आसपास एक, १.५ च्या आसपास तीन, आणि शिखरच नसेल तर शून्य. ०.६५ ते ०.८० ही अडचणीची पट्टी आहे. तिथे आकडा पडला की निकाल द्यायचा नसतो, डीएनए पुन्हा काढून पुन्हा लावायचा असतो. संदर्भ नमुने कमीत कमी तीन हवेत, आणि त्यांचा डीएनएही त्याच पद्धतीने काढलेला हवा. नाहीतर क्षार आणि इतर अशुद्धींमुळे गुणोत्तर घसरतं आणि वाहक नसलेला माणूस वाहक ठरतो.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच द्यायचं. मोठ्यांचं ३ मिली, बाळाचं १ ते २ मिली. हिरव्या झाकणाची ट्यूब नको, तिच्यातलं हेपरिन पीसीआर अडवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची. गुठळी झाली तर सॅम्पल बाद. रक्त गोठवायचं नाही. कुरिअरने एक-दोन दिवसांत पोचणार असेल तर साध्या तापमानाला चालतं, उशीर होणार असेल तर ४ ते ८ अंशांवर. बाळाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते फॉर्मवर लिहा, कारण दात्याच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असू शकतात.

कोकणकडा

'एसएमएन१ : २ कॉपी, एसएमएन२ : १ कॉपी' असा रिपोर्ट आला तर एसएमएन२ कमी आहे म्हणून घाबरायचं का? हा प्रश्न फार विचारला जातो.

रानजाई

नाही. वाहक चाचणीत एसएमएन२ च्या आकड्याकडे पाहायचंच नाही. कित्येक ठणठणीत माणसांत एसएमएन२ एकही नसतं आणि त्यांना काही होत नाही.

रुग्णात मात्र तो आकडा फार मोलाचा. एसएमएन१ शून्य असताना एसएमएन२ च्या दोन कॉपी असतील तर बहुधा टाइप १ (सर्वांत तीव्र), तीन असतील तर बहुधा टाइप २, चार असतील तर टाइप ३ (सौम्य) कडे कल. 'बहुधा' हा शब्द इथे मनापासून वापरलाय. दोन कॉपी असूनही सौम्य आजार असलेली मुलं आहेत.

वाटाड्या

आता 'दोन कॉपी' या निकालाकडे वळू, कारण फसगत तिथेच होते. टेस्ट एकूण कॉपी मोजते, त्या कशा वाटल्या आहेत हे तिला दिसत नाही. एका गुणसूत्रावर एक आणि दुसऱ्यावर एक, हा नेहमीचा प्रकार. पण एकावर दोन आणि दुसऱ्यावर शून्य, हेही असू शकतं. एकूण दोनच भरतात, पण माणूस वाहक असतो. याला टू-प्लस-झिरो किंवा सायलेंट वाहक म्हणतात. युरोपीय लोकांत वाहकांपैकी सुमारे ४ टक्के असे आहेत, आफ्रिकी वंशाच्या लोकांत प्रमाण बरंच जास्त. शिवाय दोन्ही बाजूंना जनुक आहे पण एकात बारीक बिघाड आहे, असे थोडे वाहकही एमएलपीएतून निसटतात.

गणित करून पाहू. घरात रुग्ण नसलेल्या माणसाची वाहक असण्याची मूळ शक्यता ४० मध्ये १ धरली आणि टेस्टमधून ५ टक्के वाहक निसटतात असं मानलं, तर दोन कॉपी आल्यावर उरलेली शक्यता साधारण ७८० मध्ये १. जोडीदार पक्का वाहक असला तरी बाळाला आजार असण्याची शक्यता ३१०० मध्ये १ च्या आसपास येते. त्यामुळे अशा जोडप्याला निश्चिंत राहा म्हणायला हरकत नाही. तीन कॉपी आल्या तर आणखी चांगलं.

पण ज्यांचं मूल आजारी आहे त्यांना हे गणित लावायचं नाही. मुलात शून्य कॉपी आणि आईबाबांपैकी एकात दोन, असं आलं तर शक्यता अशा: तो पालक टू-प्लस-झिरो आहे, किंवा बिघाड त्या मुलातच नव्याने झालाय (सुमारे २ टक्के रुग्णांत होतो), किंवा पालकाच्या फक्त बीजपेशींत आहे, किंवा सॅम्पलची अदलाबदल झालीय. पहिली शक्यता आजी-आजोबांची टेस्ट करून तपासता येते. एकाकडे तीन कॉपी आणि दुसऱ्याकडे एक निघाली तर कोडं सुटतं. निकाल काहीही आला तरी पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घ्यावी. त्या तपासणीत थेट गर्भाच्याच कॉपी मोजतात, त्यामुळे पालकातली वाटणी कशी आहे यावर ती अडून राहत नाही.

चांदणवेल

नात्यातल्या लग्नांबद्दलही लिहा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात.

वाटाड्या

लिहितो. समजा एका मुलीच्या भावाला एसएमए होता आणि ती स्वतः ठणठणीत आहे. तिची वाहक असण्याची शक्यता अर्धी नाही, दोन तृतीयांश आहे, कारण चारातली 'आजारी' ही शक्यता तिच्या बाबतीत बाद झालेली असते. तिचं लग्न परक्या मुलाशी झालं तर बाळाला धोका: २/३ गुणिले १/४० गुणिले १/४, म्हणजे २४० मध्ये १.

तिचं लग्न आत्येभावाशी झालं तर? तिचे वडील नक्की वाहक. त्यांची बहीण, म्हणजे आत्या, वाहक असण्याची शक्यता निम्मी. आत्याच्या मुलाची पाव. मग २/३ गुणिले १/४ गुणिले १/४, म्हणजे २४ मध्ये १. धोका दहापट.

हे सगळे आकडे टेस्ट होण्याआधीचे आहेत. दोघांचं तीन-तीन मिली रक्त दिलं की अंदाजाची जागा निकाल घेतो. दोघांपैकी एक वाहक नाही असं निघालं तर २४ मध्ये १ हा आकडा पार खाली येतो.

आणि एक कळकळीचं सांगणं. या आजारात आई आणि बाबा दोघांकडून एकेक बिघाड यावा लागतो. 'सुनेच्या माहेरचं आलं' हे साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे समुपदेशकाने सासरच्या मंडळींना समोर बसवून सांगायला हवं.

सूतिका

गरोदरपणात वेळ कसा जातो ते लक्षात घ्या. आधी बाईची टेस्ट, ती वाहक निघाली तर मग नवऱ्याची, या क्रमाने गेलं की सहज तीन-चार आठवडे जातात. गरोदरपणाआधी असेल तर तसं करायला हरकत नाही. दिवस गेले असतील तर दोघांचं रक्त एकाच दिवशी द्या. रिपोर्टला साधारण एक ते दोन आठवडे धरा.

दोघंही वाहक असतील तर पर्याय दोन. सीव्हीएस, म्हणजे वारेचा छोटा नमुना, ११ आठवडे पूर्ण झाल्यावर १४ व्या आठवड्याच्या आत. किंवा गर्भजल तपासणी, १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, सहसा १६ ते १८ मध्ये, १५ ते २० मिली पाणी काढून. अनुभवी हातांत या दोन्हींमुळे गर्भपाताचा वाढीव धोका अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. बाईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन, हे तारीख घेतानाच बोलून ठेवा.

सीव्हीएसचा फायदा म्हणजे निकाल लवकर मिळतो. निर्णय घ्यायला वेळ राहतो आणि जो काही निर्णय असेल तो शरीराला कमी त्रासाचा होतो. मी शक्यतो तेच सुचवते.

कायद्याचं थोडं. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, आणि मग केंद्राचा १९९४ चा आला. त्यामुळे गर्भाची जनुकीय तपासणी बेकायदा आहे असा समज इथे खोल रुजलाय. तो चुकीचा आहे. हाच केंद्राचा कायदा, म्हणजे पीसीपीएनडीटी, घरात जनुकीय आजार असताना तपासणीला परवानगी देतो, मात्र केंद्र नोंदणीकृत हवं, फॉर्म 'जी' वर बाईची तिला समजणाऱ्या भाषेतली लेखी संमती हवी आणि लिंग कोणत्याही रीतीने सांगायचं नाही. फॉर्म मराठीत मागून घ्या, आणि वाचून मगच सही करा.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं. २४ च्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. १८ व्या आठवड्यात गर्भजल तपासणी आणि २० व्यात रिपोर्ट, असं झालं की जोडप्याला विचार करायला फार थोडे दिवस उरतात.

पिपेट

गर्भाच्या नमुन्याबाबत एक गोष्ट कुणीही टाळू नये. आईच्या पेशी मिसळल्या आहेत का, याची तपासणी. आई वाहक आहे, म्हणजे तिच्या पेशींत एसएमएन१ ची एक कॉपी आहे. गर्भात शून्य कॉपी असल्या आणि नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या, तर टेस्टला एसएमएन१ 'दिसतं' आणि आजारी गर्भाचा रिपोर्ट निरोगी येऊ शकतो. याच कारणाने गर्भजलाचे पहिले १-२ मिली टाकून देतात, आणि वारेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून गर्भाशयाच्या अस्तराचे धागे चिमट्याने वेगळे करतात. मग आईचं रक्त आणि गर्भाचा नमुना एसटीआर मार्करवर (माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या डीएनएमधल्या खुणांवर) शेजारी शेजारी लावून पाहतात. त्यासाठी त्याच दिवशी आईचं ईडीटीए रक्त सोबत पाठवावं लागतं. रिपोर्टमध्ये 'मॅटर्नल सेल कंटॅमिनेशन नाही' ही ओळ नसेल तर लॅबला फोन करा.

मेलबर्नकर

परदेशातल्यांसाठी थोडं. अमेरिकेत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ पासून गरोदर किंवा मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक बाईला एसएमए वाहक चाचणी देऊ करावी असं म्हटलंय. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२३ पासून एसएमए, सिस्टिक फायब्रोसिस आणि फ्रॅजाइल एक्स या तिघांची वाहक चाचणी मेडिकेअरमध्ये (सरकारी आरोग्य विम्यात) येते, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) मागायची. फॉर्मवर वंशाच्या रकान्यात 'साउथ एशियन' नीट भरा. उरलेल्या धोक्याचा आकडा त्यावरून काढतात.

कोकणकडा

हेच सगळं ड्युशेनला, म्हणजे स्नायूंच्या दुसऱ्या एका जनुकीय आजाराला, लागू होतं का? पुष्कळ जण दोन्हींची गल्लत करतात.

रानजाई

नाही, तिथे गणितच वेगळं. ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे मुलग्यांना होतो आणि वाहक आई असते. बाबांची टेस्ट करायची गरज नसते. सुमारे एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्याने झालेला असतो आणि आईच्या रक्तात काही सापडत नाही. तरीही तो तिच्या काही बीजांडांत असू शकतो, म्हणून पुढच्या गरोदरपणात तपासणी सुचवतात. मुलाची पहिली टेस्ट ७९ एक्झॉनची एमएलपीए. तीत काही नाही निघालं तर सिक्वेन्सिंग. एकच एक्झॉन गाळलेला दिसला तर दुसऱ्या पद्धतीने खातरजमा करायची, कारण प्रोब बसतो तिथे अक्षर बदललेलं असलं तरी एक्झॉन नसल्यासारखं दिसतं. बहिणीचं सीपीके (स्नायूंच्या इजेने रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून ती वाहक नाही, असं म्हणता येत नाही. आणि ड्युशेनच्या वाहक बाईने स्वतःच्या हृदयाची इको तपासणी ठरावीक काळाने करायला हवी. हे बहुतेकींना कोणी सांगतच नाही.

सविस्तर वेगळ्या धाग्यात बोलू.

चांदणवेल

आजारी मुलाची लहान बहीण असेल तर तिचीही वाहक चाचणी लगेच करून टाकावी का? लग्नाच्या वेळी प्रश्न नको, असं आजी-आजोबा म्हणतात.

रानजाई

तिला लक्षणं नसतील तर वाहक चाचणी आत्ता करू नये. तिच्या बालपणी त्या माहितीचा काही उपयोग नाही, आणि निकाल जाणून घ्यायचा की नाही हे मोठी झाल्यावर तिने ठरवायचं आहे. अठरा वर्षांनंतर तिच्या हातात तिचा रिपोर्ट, आणि तो कुणाला दाखवायचा हेही तीच ठरवेल. ती अगदी तान्ही असेल आणि तिलाच आजार आहे का हे पाहायचं असेल, तर गोष्ट वेगळी. ती टेस्ट लगेच करायची, कारण औषधं लक्षणं दिसण्याआधी सुरू झाली तर परिणाम फार वेगळा मिळतो. नुसिनर्सन २०१६ मध्ये, एकदाच द्यायची जनुकीय उपचाराची ओनासेम्नोजीन २०१९ मध्ये आणि तोंडाने घ्यायचं रिस्डिप्लाम २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मुंबईचं केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. त्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, तिथे नाव नोंदवून ठेवावं.

सूतिका

आयव्हीएफने गर्भ तपासून घ्यायचा विचार असेल तर तयारी आधीपासून लागते. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या गर्भातून काढलेल्या पेशी मोजक्या असतात. तेवढ्यात नुसत्या कॉपी मोजणं बेभरवशाचं, म्हणून आसपासच्या मार्करवरून कोणतं गुणसूत्र कुणाकडून आलं हे ठरवतात. त्यासाठी आजारी मुलाचा डीएनए संदर्भ म्हणून हवा असतो, तो नसेल तर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा. दिवस राहिल्यावर सीव्हीएसने खात्री करायची असतेच.

कोकणकडा

आणि मूल हयात नसेल, डीएनएही ठेवलेला नसेल तर?

पिपेट

मग आधी जुने कागद शोधा. एखादा जनुकीय रिपोर्ट, स्नायूची बायोप्सी, ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी). बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) पॅथॉलॉजी विभागात कधी कधी वर्षानुवर्षं ठेवलेला असतो. त्यातला डीएनए तुटका असतो, तरी एक्झॉन ७ आहे की नाही एवढं पुष्कळदा कळतं. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताचं कार्ड लॅबने ठेवलं असेल तर तेही चालतं. काहीच नसेल तर आईबाबांची कॉपी मोजणी. दोघांकडे एकेक निघाली तर निदान एसएमएच होतं असं मानायला भक्कम आधार मिळतो. दोघांकडे दोन-दोन निघाल्या तर आजार कदाचित दुसराच होता. तेव्हा दोघांचं एक्झोम शेजारी शेजारी ठेवून स्नायूंच्या इतर आजारांची जनुकं पाहावी लागतात.

अतिदक्षता विभागात असलेल्या बाळाच्या बाबतीत, निदान झालं नसलं तरी, डॉक्टरांना सांगून २ मिली ईडीटीए रक्त जनुकीय लॅबला डीएनए काढून ठेवण्यासाठी पाठवा. काढलेला डीएनए उणे २० अंशांवर वर्षानुवर्षं टिकतो. ट्यूबवर बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक हवा, नुसतं 'बेबी ऑफ अमुक' नको. जुळी असतील तर ट्विन १, ट्विन २ लिहा. लॅब डीएनए किती काळ ठेवते आणि तो दुसऱ्या लॅबला द्यायचा झाला तर कुणाची सही लागते, हे दोन्ही पावतीवर लिहून घ्या.